मॉरिशसला जायचंय? आधी बेट समजून घ्या, मग पॅकेज

दिवाळीची सुट्टी किंवा मे महिना जवळ आला की बेळगावपासून इंदूरपर्यंत ट्रॅव्हल एजंटांच्या बोर्डांवर मॉरिशसचा निळा समुद्र झळकू लागतो. पाच रात्री, सहा दिवस, नाश्ता आणि रात्रीचं जेवण, विमानतळावरून ने-आण. चौकशीला गेलेला माणूस बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतो, ‘माणशी किती पडतील?’

हा प्रश्न खरं तर शेवटचा आहे. त्याआधी तीन प्रश्न सुटायला हवेत: कोणता महिना, कोणता किनारा आणि किती दिवस. ते न विचारता पैसे भरले की काय होतं? हॉटेल पूर्व किनाऱ्यावर मिळतं आणि जुलैत तिथे दिवसभर वारा झोंबतो. किंवा जानेवारीत वादळाचा इशारा लागून दोन दिवस खोलीत बसावं लागतं. किंवा सहाही दिवस एकाच वाळूवर जातात आणि बेटाचा आतला भाग, जो या सगळ्याचा खरा गाभा आहे, पाहायचाच राहून जातो. मध्यमवर्गीय घरासाठी ही दोन-तीन वर्षांच्या बचतीची सहल असते, म्हणून थोडं आधी वाचलेलं बरं.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच गोष्टीत आहेत. मॉरिशस हे ज्वालामुखीतून वर आलेलं बेट आहे. त्याचा आकार, पाऊस, वारा, वाळू, ऊस, सगळं तिथून सुरू होतं.

आपला काळा दगड आणि त्यांचा काळा दगड

हिंदी महासागराच्या तळाखाली एक तप्त ठिकाण आहे. पृथ्वीच्या पोटातला वितळलेला खडक तिथून कोट्यवधी वर्षं वर येत राहिला. भूशास्त्रज्ञ त्याला शेजारच्या रियुनियन बेटाच्या नावाने ओळखतात. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत असताना सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो या ठिकाणावरून गेला आणि लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार तयार झालं, असं शास्त्रज्ञांचं मत आहे. सह्याद्रीचे कडे, माळव्याचं पठार, वडोदऱ्याजवळचा पावागड ही सगळी त्याच काळाची देणगी. बेळगाव जिल्हा या काळ्या खडकाच्या दक्षिण कडेवर येतो.

त्याच तप्त ठिकाणाने पुढे सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्रातून वर काढला. त्यानंतर पाळी आली रियुनियनची. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही वरचेवर लाव्हा ओकतो. मॉरिशसचे ज्वालामुखी मात्र केव्हाच शांत झाले आहेत. म्हणजे भीती नाही, पण लाव्हा पाहायला मिळेल अशी अपेक्षाही ठेवू नये. रियुनियन जवळ असलं तरी तो फ्रान्सचा भाग आहे, त्यासाठीची परवानगी वेगळी. मॉरिशसच्या शिक्क्यावर तिथे जाता येत नाही.

मुख्य बेट जेमतेम १,८६५ चौरस किलोमीटरचं, उत्तर-दक्षिण सुमारे ६५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे ४५ किलोमीटर. मध्ये उंच पठार, त्याभोवती जुन्या महाकाय ज्वालामुखीच्या काठाचे उरलेसुरले डोंगर, मग उतरती सपाटी, मग वाळू. वाळूपुढे उथळ शांत पाणी आणि त्यापलीकडे प्रवाळाची भिंत. ही भिंत जवळजवळ संपूर्ण बेटाला वेढते. मोठ्या लाटा तिच्यावर फुटतात, म्हणून आतलं पाणी तलावासारखं राहतं. दक्षिणेला काही भागात ही भिंत नाही. तिथे समुद्र थेट काळ्या कड्यांवर आदळतो. हे एवढं लक्षात राहिलं तरी निम्मं नियोजन झालं.

कोणता महिना?

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे ऋतू आपल्या उलट. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, गरम आणि दमट. मे ते ऑक्टोबर त्यांचा हिवाळा, कोरडा आणि सुखद. हिवाळा म्हणजे थंडी नव्हे. किनाऱ्यावर दिवसा साध्या सुती कपड्यांत फिरता येतं, संध्याकाळी पातळ स्वेटर पुरतो. मधल्या पठारावर मात्र गारठा आणि बारीक पाऊस असतो, त्यामुळे छत्री जवळ ठेवावी.

चक्रीवादळांचा जोर साधारण जानेवारी ते मार्चमध्ये असतो. दरवर्षी वादळ बेटावर येतंच असं नाही. पण आलं तर टप्प्याटप्प्याने सरकारी इशारे लागतात, वरच्या टप्प्यावर सगळ्यांनी घरात थांबायचं असतं आणि विमानं बंद होतात. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या पावसाने राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या वाहून गेल्या होत्या. डिसेंबर-जानेवारीत नाताळामुळे दरही सर्वांत चढे असतात. म्हणजे जोखीमही जास्त आणि पैसेही जास्त.

आपल्या सुट्ट्यांशी मेळ घालायचा तर दोन काळ उत्तम. एक म्हणजे मे. वादळं सरलेली, समुद्र अजून कोमट, गर्दी कमी. दुसरा ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पहिला भाग, म्हणजे दसरा-दिवाळीची सुट्टी. वर्षातला हा सर्वांत कोरडा काळ, पाणी पुन्हा तापू लागलेलं. जून ते ऑगस्ट वाईट नाही, पण दिवस लहान असतात. संध्याकाळी सहाच्या आत अंधार पडतो आणि वारा जोरात असतो.

कोणता किनारा?

वर्षाचा बराच काळ वारा आग्नेयेकडून येतो. तो ओला वारा पूर्वेला धडकतो, पठारावर चढतो, तिथे पाऊस टाकतो आणि पश्चिमेला उतरतो तेव्हा कोरडा झालेला असतो. बेळगाव जिल्ह्यातल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. जांबोटी-खानापुरात धो धो पाऊस आणि अथणीकडे कोरडं, त्यातलाच हा प्रकार, फक्त दिशा उलटी आणि अंतरं खूपच कमी.

पश्चिम किनारा: फ्लिक आँ फ्लाक, तामारँ, ल मोर्न. सर्वांत कोरडा, वाऱ्यापासून आडोशाला, सूर्यास्त समुद्रात. ज्वालामुखीचे डोंगर आणि दऱ्या जवळ. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबासाठी फ्लिक आँ फ्लाक सोयीचं. लांबलचक सार्वजनिक किनारा, किचन असलेले फ्लॅट, दुकानं, बस, सगळं हाताशी.

उत्तर किनारा: ग्रां बे, त्रू ओ बिश, मों श्वाझी. पाणी शांत, हॉटेलं-बाजार-रात्रीची वर्दळ जास्त. पोर्ट लुई आणि पाम्प्लमूसची बाग जवळ. विमानतळ मात्र दुसऱ्या टोकाला, गाडीने तासाहून अधिक.

पूर्व किनारा: बेल मार आणि परिसर. वाळू सुंदर, मोठी हॉटेलं, शांतता. हिवाळ्यात वारा सोसावा लागतो. ऑक्टोबरनंतर छान.

आग्नेय: माहेबूर, ब्लू बे. विमानतळाला लागून. ब्लू बे हे संरक्षित सागरी उद्यान असून काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ दिसतात. याच परिसरात जुलै २०२० मध्ये वाकाशियो नावाचं जहाज प्रवाळावर चढलं आणि पुढच्या महिन्यात तेल गळून किनारा काळा झाला. इथला समुद्र किती नाजूक आहे ते त्या वेळी जगाने पाहिलं. प्रवाळावर पाय देऊ नये आणि प्रवाळ-शंख गोळा करून आणू नयेत, ती बेकायदा गोष्ट आहे.

दक्षिण: सुयाक, ग्री ग्री. राहण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी. भिंत नसल्यामुळे इथल्या लाटा खेचून नेतात, पोहायला उतरायचं नाही.

एक गोष्ट एजंट सहसा सांगत नाही. मॉरिशसमध्ये भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू सार्वजनिक असते. हॉटेल कितीही महागडं असो, ओल्या वाळूवरून चालत जायला कुणी अडवू शकत नाही. त्यामुळे समुद्रासाठी समुद्रालगतची महागडी खोली घ्यायलाच हवी असं नाही. दोन गल्ल्या आत स्वच्छ खोली घ्या आणि चालत जा.

किती दिवस, आणि कसे?

सात रात्री असाव्यात. येण्या-जाण्यात दोन दिवस मोडतात, एखादा दिवस पाऊस खातो, तरी पाच दिवस पूर्ण हाती राहतात. पाच रात्रीच जमत असतील तर एकच मुक्काम ठेवा. सात असतील तर चार रात्री पश्चिमेला आणि तीन रात्री उत्तरेला, अशी विभागणी चांगली बसते. खालचा क्रम पश्चिमेच्या मुक्कामापासून सुरू होतो.

पहिला दिवस: काहीही ठरवू नका. मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं, सकाळी लवकर जाग येते. किनाऱ्यावर चाला, सिम आणि किराणा घ्या.

दुसरा दिवस: ज्वालामुखीचा दिवस. सकाळी पठारावरच्या क्युरपिप गावी त्रू ओ सेर्फ. शांत झालेल्या ज्वालामुखीचं हे सुमारे ३०० मीटर रुंदीचं तोंड आता झाडीने भरलं असून तळाशी थोडं पाणी आहे. काठावरून चारी दिशांचे सुळके दिसतात. तिथून गंगा तलाव, स्थानिक नाव ग्रां बासँ. हेसुद्धा ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं तळं. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून भाविक खांद्यावर कावड घेऊन चालत येतात. त्या आठवड्यात रस्ते भरलेले असतात, हे धरून चाला. तलावाकडे येताना उभी असलेली ३३ मीटर उंचीची मंगल महादेवाची मूर्ती वडोदऱ्याच्या वाचकांना ओळखीची वाटेल. सूरसागर तलावातल्या शंकराच्या मूर्तीवरूनच ती घडवली आहे.

तिसरा दिवस: ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानातून शामारेल. बेटाचं सर्वोच्च शिखर (८२८ मीटर) याच भागात आहे. शामारेलला सात रंगांची माती आहे. लाव्हाचा खडक झिजून त्याची माती झाली, त्यातल्या लोह आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांमुळे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत छटा आल्या. सकाळच्या तिरप्या उन्हात रंग खुलतात, भर दुपारी फिके पडतात. परतताना ल मोर्न. ५५६ मीटरचा हा एकटा उभा डोंगर गुलामगिरीतून पळालेल्या माणसांचा आसरा होता, म्हणून २००८ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. फोटोंत दिसणारा ‘पाण्याखालचा धबधबा’ इथलाच, पण तो नजरेचा भास आहे. वाळू आणि गाळ खोल उतारावर सरकताना वरून तसं दिसतं. किनाऱ्यावरून किंवा बोटीतून तो दिसत नाही, हेलिकॉप्टरमधूनच दिसतो. त्याच्या नावावर बोटीचे पैसे घेणाऱ्यापासून सावध.

चौथा दिवस: दक्षिण. सुयाकजवळचा रोचेस्टर धबधबा पाहा. लाव्हा थंड होताना पडलेले उभे खांब तिथे स्पष्ट दिसतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिलेल्यांना लगेच ओळख पटेल. मग ग्री ग्रीचा कडा.

पाचवा दिवस: उत्तरेकडे मुक्काम हलवताना पोर्ट लुई. अप्रवासी घाट, मध्यवर्ती बाजार, बंदर. हा दिवस कामाचा वार असावा. शनिवारी दुपारनंतर शहर ओस पडायला लागतं आणि रविवारी अप्रवासी घाट बंद असतो.

सहावा दिवस: पाम्प्लमूसची वनस्पती बाग, परातीएवढ्या पानांच्या कमळांसाठी प्रसिद्ध. दुपार समुद्रात. सातवा दिवस हाती असेल तर पूर्वेला त्रू दो दूसहून बोटीने इल ओ सेर्फ, किंवा परतीच्या वाटेवर माहेबूरजवळचं इल ओ एग्रेत हे राखीव बेट. तिथे बेटाचं मूळ रान पुन्हा उभं करण्याचं काम चालतं. डोडो पक्षी याच देशातला, डच आल्यानंतर शंभर वर्षांच्या आत संपला. मॉरिशसचा छोटा ससाणा मात्र वाचवला गेला. १९७४ मध्ये रानात त्याचे फक्त ४ पक्षी उरल्याची नोंद होती, नंतर प्रयत्नाने संख्या वाढली.

उसाच्या शेतातले दगडांचे ढीग

गाडीतून जाताना दोन्ही बाजूंना ऊस दिसेल, आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे रचलेले ढीग. हा लाव्हाचा दगड. तो वेचून बाजूला काढल्याशिवाय नांगर चालत नव्हता. तो हातांनी वेचला आधी आफ्रिकेतून, मादागास्करहून आणलेल्या गुलामांनी आणि १८३५ मध्ये गुलामगिरी संपल्यावर भारतातून करारावर आणलेल्या मजुरांनी.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले. त्यानंतर १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली. जिथे ती उतरली तो अप्रवासी घाट. बंदरातून वर येणाऱ्या त्याच्या १६ पायऱ्या आजही आहेत. २००६ पासून हाही जागतिक वारसा. २ नोव्हेंबरला देशात सार्वजनिक सुट्टी असते.

बहुतेक मजूर बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले. तमिळ आणि तेलुगू प्रदेशातूनही बरेच आले. पण मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आज मॉरिशसच्या लोकसंख्येत सुमारे दोन टक्के आहेत. पश्चिमेकडच्या ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातलं कास्काव्हेल गाव, पठारावरचे वाकोआ आणि हेन्रिएता हे भाग मराठी वस्तीसाठी ओळखले जातात. कास्काव्हेल तर फ्लिक आँ फ्लाकपासून काही मिनिटांवर. म्हणजे तिथे मुक्काम केलेला आपला माणूस मराठी गावाच्या वेशीवर राहून परत येतो आणि त्याला कुणी सांगितलेलंही नसतं.

त्यांच्या घरात आता रोजची भाषा क्रिओल आहे. मराठी शाळेत विषय म्हणून शिकवली जाते, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत पदवीपर्यंत शिकता येते. मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशन १९६० पासून काम करतं. कोकणातल्या जाखडीशी नातं सांगणारी ‘झाकरी’ तिथे सणाला रंगते. गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते, बहुतेक वर्षी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, आणि समुद्राकाठी विसर्जनाच्या मिरवणुका निघतात. २०२३ मध्ये महाराष्ट्र भवनात शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं.

राज्य बदललं, सरकारी भाषा बदलली, तरी घरात काय टिकवायचं हा प्रश्न आपल्या सीमाभागाला नवा नाही. बेळगाव, निपाणी, ग्वाल्हेर, हैदराबाद इथल्या मराठी घरांनी तो वेगवेगळ्या रीतीने सोडवला. मॉरिशसच्या मराठी माणसाने भाषा बरीच गमावली, पण सण, आडनाव, पुरणपोळी आणि शाळेतला मराठीचा तास सोडला नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाणं जमत असेल तर गणपतीत जा. इतर वेळी मंडळाला आधी कळवून देवळात किंवा कार्यक्रमाला जाता येतं. न सांगता कुणाच्या घरी कॅमेरा घेऊन जाऊ नका. बोलताना सोपं, सावकाश मराठी बोला, चुका काढू नका.

आणखी एक. करारावर गेलेल्यांची सरकारी दप्तरं, अनेकांच्या फोटोंसह, महात्मा गांधी संस्थेच्या संग्रहात आहेत. तुमच्या घरात ‘पणजोबांचा भाऊ जहाजाने गेला तो परत आला नाही’ अशी आठवण असेल, तर नाव, वडिलांचं नाव, गाव आणि अंदाजे वर्ष लिहून न्या.

जेवणाची चिंता नको

शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. ‘धोल पुरी’ हे तिथलं रस्त्यावरचं मुख्य खाणं. वाटलेल्या डाळीचं सारण भरलेली पातळ पोळी, जोडीने मिळते, आत वालासारख्या दाण्यांची भाजी, टोमॅटोचा रस्सा आणि चटणी. आपल्या पुरणपोळीची तिखट बहीण म्हणा. ‘गातो पिमाँ’ म्हणजे डाळवड्याचाच लहान भाऊ. ‘आलुदा’ हे सब्जा घातलेलं थंड दूध. दुपारचं जेवण असं बाहेर झालं तर खर्च आटोक्यात राहतो. मुलांसाठी खिचडीची सोय हवी असेल तर किचन असलेला फ्लॅट घ्या. तांदूळ, डाळ, मसाले दुकानात मिळतात. इथून ताजी फळं, भाज्या, बी-बियाणं, रोपं नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

पैशाचा हिशेब

कागदावर सहा खाती पाडा: विमान, मुक्काम, फिरणं, जेवण, प्रवेश फी आणि बोटी, विमा. एजंटाच्या पॅकेजमध्ये यातली कोणती खाती येतात ते लिहून घ्या. ‘हाफ बोर्ड’ म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण. दुपारचं जेवण, चहा, पाण्याची बाटली बहुतेक वेळा वेगळी. शिवाय रात्रीचं जेवण हॉटेलात ठरलेलं असलं की फिरणं अर्धवट टाकून परतावं लागतं. ‘ऑल इन्क्लुसिव्ह’मध्ये सगळं येतं, पण ते पैसे वसूल करायचे तर हॉटेलातून बाहेरच पडायचं नाही! बेट पाहायचं असेल तर फक्त नाश्ता धरलेली खोली परवडते. मुक्कामावरचा पर्यटक कर रकमेत धरला आहे का, तेही विचारा.

परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस कापला जातो. त्याचा दर आणि मर्यादा अर्थसंकल्पात बदलत असतात, म्हणून भरण्याच्या दिवशीचा दर विचारा. हा वेगळा खर्च नव्हे, आगाऊ भरलेला आयकर आहे. तो तुमच्या पॅनवर जमा झाला की नाही हे २६-एएस मध्ये पाहा आणि रिटर्न भरताना वळता करा. एजंटाने पावतीवर पॅन बरोबर घातला आहे ना, हे त्याच वेळी तपासा. नुसतं विमान तिकीट किंवा नुसतं हॉटेल स्वतंत्रपणे घेतलं तर ते पॅकेज धरलं जात नाही.

मॉरिशसचा रुपया आपल्या रुपयापेक्षा महाग आहे. किमतीचा आकडा पाहून ‘रुपयेच तर आहेत’ असं समजू नका. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय सुरू झालं आहे, पण प्रत्येक दुकानात चालेल असं धरू नका. एक आंतरराष्ट्रीय कार्ड आणि थोडी रोकड हवीच.

फिरण्यासाठी चार जणांच्या कुटुंबाला भाड्याची गाडी स्वस्त पडते. वाहनं डावीकडूनच चालतात. मूळ लायसन्ससोबत आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. पोर्ट लुई ते क्युरपिप मेट्रो आहे, ती आपल्या लार्सन अँड टुब्रोने बांधली. बस स्वस्त, पण अंधार पडल्यावर विरळ होतात. गावांची नावं फ्रेंच असल्यामुळे लिहितात एक आणि म्हणतात दुसरं. ठिकाणांची नावं फोनमध्ये लिहून ठेवा आणि चालकाला दाखवा.

कागदपत्रं आणि प्रवास

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही, उतरल्यावर प्रवेशाचा शिक्का मिळतो. त्यासाठी परतीचं तिकीट, मुक्कामाचं बुकिंग आणि खर्चापुरत्या पैशांचा पुरावा लागतो. निघण्याआधी त्यांचा प्रवास फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. नियम बदलू शकतात, म्हणून तिकीट काढण्याआधी मॉरिशस सरकारच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून अधिक शिल्लक असलेली बरी.

सीमाभागातल्या मंडळींनी नावाचं स्पेलिंग नीट पाहावं. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर कन्नड उच्चाराप्रमाणे दुसरं आणि तिकिटावर तिसरं, असं खूपदा होतं. तिकीट पासपोर्टवरच्या स्पेलिंगनेच काढा.

मुंबईहून मॉरिशसला थेट विमान आहे, सुमारे सहा तास लागतात. बेळगाव, गोवा, इंदूर, वडोदरा, हैदराबाद कुठूनही निघालात आणि मुंबईपर्यंतचं तिकीट वेगळं काढलंत, तर मध्ये पुरेसा वेळ ठेवा. एक विमान चुकलं म्हणून दुसरी कंपनी पैसे परत करत नाही. शक्य तर आदल्या दिवशी मुंबई गाठा.

औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मूळ पाकिटात न्या. वेदनाशामक आणि झोपेच्या काही गोळ्यांवर तिथे कडक नियम आहेत. अमली पदार्थांचा कायदा फार कठोर आहे, कुणाचंही पार्सल सोबत नेऊ नका. विजेचा प्लग चौकोनी तीन पिनांचा, आपला बसत नाही, ॲडॉप्टर घ्या. पाण्यात घालायचे रबरी बूट प्रत्येकाला हवेत, कारण खडकासारखा दिसणारा विषारी दगडमासा आणि समुद्री साळिंदर उथळ पाण्यात असतात. प्रवाळाच्या भिंतीत जिथे खिंड आहे तिथे ओढ जोरात असते. स्थानिक माणूस जिथे पोहत नाही तिथे आपणही उतरू नये.

बुकिंगचा क्रम

पासपोर्ट हातात आल्यावर आधी महिना ठरवा. त्यावरून किनारा, मग विमान, मग रद्द करता येईल अशी खोली, मग प्रवास विमा. गाडी आणि बोटी तिथे पोहोचल्यावर हवा पाहून ठरवल्या तरी चालतात. वादळाच्या महिन्यांत जाणार असाल तर विम्यात हवामानामुळे झालेला उशीर आणि रद्द झालेलं विमान धरलं आहे का, हे पॉलिसीत शब्दशः वाचा. एवढं झाल्यावर एजंटाकडे जा आणि हीच यादी त्याच्यासमोर ठेवून विचारा, माणशी किती?